आंबेहळदीचा लेप

सानपाड्याच्या आमच्या घराला आंबेहळदीचा वास असायचा, कैरीसारखा आणि थोडा मातीचा. आबा वाशीच्या मार्केटात माथाडी. कांद्याच्या गोणी वाहून डावा खांदा सुजायचा. ते घरी आले की आई सहाणेवर आंबेहळद उगाळायची, पळीत गरम करायची आणि खांद्यावर थापायची. मामा साताऱ्याहून पिशवीभर गड्डे आणायचा. त्यातले निम्मे लोणच्यातच जायचे, कारण आबा ते भाजीसारखं खायचे.

लेप किती ऊन झालाय हे आई स्वतः कधी बघायची नाही. तव्यावरच्या भाकरी उलटून तिच्या बोटांना चटकाच कळेनासा झाला होता. ती आबांनाच विचारायची, "भाजतंय का वं?" आबा "लई ऊन हाय" म्हणाले की फुंकर घालायची, "न्हाई" म्हणाले की पळी परत गॅसवर. आजूबाजूच्या माथाड्यांच्या घरांतही हीच रीत. थर्मामीटर कोण लावत बसतंय!

मागच्या वर्षी आबांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं वाचलं, डावी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करून घ्या, हात परत येईल की नाही ते आत्ताच सांगता येणार नाही. आईने त्यातलं 'परत येईल' तेवढंच ऐकलं आणि सहाण काढली. मी चिडायचे. "आई, हा मुका मार नाहीये."

"गप बस. ह्याच हळदीनं त्यो खांदा इतकी वर्सं उभा ठेवलाय."

एका रविवारी तिने नेहमीसारखं विचारलं, "भाजतंय का वं?"

"न्हाई."

पळी परत गॅसवर. "आन आता?"

"न्हाई गं."

पुढच्या खेपेला लेपातून वाफ निघत होती. मी ओरडेपर्यंत तिने तो थापलाही. मी घाईघाईने पुसून गार पाणी ओतलं. खाली कातडी लालबुंद, संध्याकाळी त्यावर टरटरून फोड. आबांच्या कपाळावर साधी आठीही नव्हती.

आई पदर तोंडात कोंबून रडली. आपण नवऱ्याला भाजलं आणि हा हात आता परत येत नाही, दोन्ही तिला एकदमच कळलं. एरवी माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. त्या दिवशी आलाच नाही.

आबांनी पंख्यावरची नजर आईकडे वळवली. मग म्हणाले, "अगं, फोडाचं काय न्हाई, जाईल त्यो. पर तू रोज लावत हुतीस, आन मला तुजा हात लागल्यालंच कळत नव्हतं. कसं सांगू, म्हनून गप ऱ्हायलो."

आईने डोळे पुसले. पलंगाला वळसा घालून ती त्यांच्या उजव्या अंगाला जाऊन बसली.