तीजाच्या आठवड्यात हाउसफुल्ल

चूक माझी होती, हे आधीच कबूल करून टाकतो. माझी ताई, सुनंदा, आणि भाऊजी यांनी गेल्या वर्षी छत्तीसगडात, बालोदच्या अलीकडे कोसमी नावाच्या गावात, मातीच्या चार खोल्यांचं गेस्ट हाऊस सुरू केलं. गावात मोबाइलला रेंज मिळते ती फक्त तळ्याच्या पाळीवर, त्यामुळे बुकिंगचं काम मी नाशिकला बसून करतो. गणपतीच्या जोडून आलेल्या सुट्ट्यांसाठी नागपूरहून आठ बायकांच्या ग्रुपचा फोन आला, सगळ्या बँकेतून रिटायर झालेल्या. मी चारही खोल्या दोन रात्रींसाठी देऊन टाकल्या. घर पहिल्यांदाच पूर्ण भरलं होतं, आणि मी त्या आनंदात ऑफिसात पेढे वाटले.

चार दिवस आधी ताईचा फोन आला. ती बहुतेक पाळीवरून बोलत होती, कारण मागे बेडकं ओरडत होती.

"बावा, तू भिलाईतच लहानाचा मोठा झाला ना? तुले तीजा नाई आठवला?"

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्याकडे हरतालिकेला बायका एक दिवस उपास करतात. छत्तीसगडात तीजा म्हणजे लग्न झालेली प्रत्येक बाई माहेरी जाते. पोळा झाला की भाऊ तिला न्यायला येतो आणि अख्ख्या गावातल्या सुना बघता बघता नाहीशा होतात. ताईच्या स्वयंपाकघरातल्या तिघी, रामेश्वरी धरून, तिघीही गावच्या सुना. आमचं घर मूळचं भंडाऱ्याकडचं, बाबा स्टील प्लांटमध्ये नोकरीला आले म्हणून आम्ही भिलाईत मरोद्याला क्वार्टरमध्ये वाढलो. आमचे मोठे दिवस दोन, चौदा एप्रिल आणि धम्मचक्र. तीजाला कामवाली आठवडाभर जायची, आई भांडी घासताना पुटपुटायची, आणि नंतर बाई परत आली की आमच्यासाठी ठेठरी-खुरमी आणायची. मला त्यातली फक्त ठेठरी-खुरमी लक्षात राहिली होती.

"मी येतो मदतीला," मी म्हटलं. माझी बायको वैशाली हे ऐकून सोफ्यावर आडवी होऊन हसली.

कसं जायचं ते सांगतो. नाशिक रोडहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत रात्री बसायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी दुर्गला उतरायचं. तिथून बालोदच्या बस सारख्या सुटतात, शंभरच्या आत तिकीट, कोसमीच्या फाट्यावर उतरलं की तीन किलोमीटर चालायचं. मला घ्यायला भाऊजी त्यांची जुनी व्हॅन घेऊन आले होते. भाऊजींनी पस्तीस वर्षं प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्ट्यांपाशी काढली, त्यामुळे ते कशालाच घाबरत नाहीत, फक्त आठ बायकांच्या नाश्त्याला घाबरले होते. आधी भिलाईच्या सिविक सेंटरला जाऊन आम्ही इतके पोहे, बिस्किटं आणि कॉफी घेतली की दुकानदारानं लग्न कुणाचं आहे ते विचारलं.

उतईवरून गुंडरदेहीकडे निघालो आणि मला हसू आवरेना. दोन्ही बाजूंना हिरवागार धान, रस्त्यात खड्डे, खड्ड्यांत पाणी, आणि समोरून येणाऱ्या दर दुसऱ्या मोटरसायकलवर भाऊ पुढे, बहीण मागे, मध्ये पिशवी. काही ठिकाणी एका गाडीवर दोन बहिणी आणि एक पोर.

"पाहून राहिला ना?" भाऊजी म्हणाले. "छत्तीसगडचा सगळा स्टाफ सुट्टीवर जाऊन राहिला."

गुंडरदेहीच्या पुढे एका मोटरसायकलवरून कुणीतरी जोरजोरात हात हलवला. ती आमचीच रामेश्वरी होती. भाऊजींनी व्हॅन थांबवली, तिच्या भावानं गाडी थांबवली, आणि ती भर रस्त्यातून ओरडून म्हणाली, "भात चढ़ा के आय हंव, जल्दी जावव!" पुढचे पंधरा किलोमीटर भाऊजींनी व्हॅन जी हाणली, त्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

ताई फोन करायला पाळीवर गेलेली, त्यामुळे भाताचा तळ लागला होता, वरचा बरा होता. घर मात्र सुंदर आहे. छुहीनं, म्हणजे इथल्या पांढऱ्या मातीनं, पोतारलेल्या भिंती, खाली निळा पट्टा, अंगणात विहीर, पुढे लांबलचक पडवी. जन्मभर कंपनीच्या क्वार्टरमध्ये एका ठरावीक पिवळ्या रंगात राहिल्यावर ताईनं प्रत्येक खोलीचं दार वेगळ्या रंगाचं केलंय. मी चहा पीत होतो तोच शेजारची सुकवारो दाई आली. सत्तरीची असेल, तिच्या शब्दाला गावात मान आहे. तिनं मला आपादमस्तक पाहिलं.

"भाई हस? बढ़िया. कब लेगबे बहिनी ला?"

बहिणीला कधी नेणार? मी सांगितलं की मी न्यायला नाही, मदत करायला आलोय.

दाईनं चहाचा कप खाली ठेवला. "तीजा म भाई बहिनी घर खाय बर नइ आवय. लेगे बर आथे." तीजाला भाऊ बहिणीकडे जेवायला येत नाही, न्यायला येतो.

ताई मध्ये पडली. "दाई, आमच्यात नसते हे. अन् मले माहेर कुठं आहे? क्वार्टर होतं, बाबा रिटायर झाले अन् चावी कंपनीले देऊन दिली."

हसत हसतच म्हणाली. मी पण हसलो, पण ते वाक्य मला टोचलं. आई-बाबा नंतर नाशिकला माझ्याकडे राहायचे, तोपर्यंत ताई वर्षातून दोनदा यायची. बाबा आधी गेले, आईला जाऊन सहा वर्षं झाली, आणि त्या सहा वर्षांत ताई एकदाही आलेली नाही. मी फोनवर दर वेळी "कधीही ये" म्हणतो, आणि तिकीट एकदाही काढलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला नागपूरकर मंडळी आली. त्यांच्या म्होरक्या ठवरे मॅडम व्हॅनमधून उतरल्या त्याच जाहीर करत. "आम्ही कशालेच हात लावणार नाई हं. घरी चाळीस वर्षं लावला."

म्हणजे पडवीत आठ बायका हात न लावणाऱ्या, आणि स्वयंपाकघरात तीन पुरुष. मी, भाऊजी आणि रामेश्वरीचा नवरा तुलाराम. ताईला आम्ही कांदे चिरू दिले नाहीत, नंतर दिले, कारण माझं बोट चिरलं. तुलारामला एकच पदार्थ येत होता, पण काय येत होता म्हणून सांगू. अंगाकर. शेताची राखण करताना पुरुष ही रोटी करतात. तांदळाचं पीठ आणि उरलेला भात एकत्र मळायचा, जाड थापायचा, पळसाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यावर ठेवायचा. भाऊजी चुलीसमोर पाटावर बसले आणि कुणालाही जवळ येऊ देईनात. "भट्टीले घाई चालत नाई," एवढंच दर पाच मिनिटांनी म्हणायचे. टोमॅटोच्या चटणीबरोबर नागपूरकरांनी ती रोटी खाल्ली, मग आणखी मागितली, मग एकीनं तुलारामचा फोटो काढला. तो लाजून विहिरीमागे गेला तो अर्धा तास आलाच नाही.

संध्याकाळी खरी गंमत. गावातून सुना जातात तशा गावच्या लेकी परत येतात. उपासाच्या आदल्या संध्याकाळी त्यांना 'करू भात' खायला घालतात, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात, आणि त्या घराघरांतून थोडं थोडं खात फिरतात. सुकवारो दाईचा हुकूम आला की हेही गावातलंच घर आहे, लेकी इथंही येतील.

"किती?" मी विचारलं.

"जतका आही," दाई म्हणाली. जेवढ्या येतील तेवढ्या.

चौदा आल्या. वीस वर्षांपासून साठ वर्षांपर्यंतच्या, सगळ्या माहेरी आलेल्या, सगळ्या खिदळणाऱ्या. कारल्याच्या बिया काढायच्या असतात हे आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी खाल्लं, एकमेकींकडे पाहिलं आणि इतक्या हसल्या की पडवीतल्या नागपूरकर बायका ताटल्या घेऊन आत आल्या. त्यांनीही करू भात मागितला. चाळीस वर्षं हात लावलेल्या ठवरे मॅडमनी एक घास खाल्ला, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "उद्या मी दाखवते."

तीजाचा दिवस. लेकींना पाणीसुद्धा नाही, नागपूरकरांपैकी दोघींना उपास. आमच्या चुलीला अर्धी सुट्टी. सकाळी पाहुण्यांना व्हॅननं तांदुळा धरणावर फिरवून आणलं, पाणी काठोकाठ होतं. दुपारी मात्र सगळा गाव आमच्या पडवीत. उपाशी लेकी मांडी घालून आपापल्या सासरच्या तक्रारी सांगत होत्या, नागपूरकर आपल्या सांगत होत्या. एकीला मराठी कळत नव्हती, दुसरीला छत्तीसगढी, तरी सासू हा विषय सगळ्यांना समजत होता. मी उपास नसलेल्यांना चहा देत फिरत होतो आणि इतका आनंदात होतो की एका लेकीला चुकून कप दिला आणि बोलणी खाल्ली.

ताई स्वयंपाकघराच्या दारात ट्रे धरून उभी होती. हसत होती, पण उभीच.

"सुनंदाबाई, या ना, बसा," ठवरे मॅडम म्हणाल्या.

"मी कुठं बसू?" ताई म्हणाली. "मी ना इथली लेक, ना पाहुणी." आणि ती रिकामे कप उचलायला लागली.

सुकवारो दाईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तुलारामकडून मोटरसायकलची किल्ली मागितली आणि गुंडरदेही गाठलं.

तीजाला लेकीला माहेरून नवं लुगडं मिळतं. लुगड्याच्या दुकानात जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. "तीजा का लुगरा? आज?" दुकानदारानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. एक पोपटी होतं आणि एकावर हाताएवढे मोर होते. पोपटी घेतलं. परत आलो तेव्हा ताई चुलीजवळ होती, भाऊजी पाटावर.

"परवा माझ्यासोबत नाशिकला चल," मी म्हटलं आणि पिशवी पुढे केली. "न्यायला आलोय."

"कावून?"

"तीजा आहे म्हणून."

"आपला सण नाई तो."

"सण नसेल. बहीण तर माझी आहे."

तिनं पिशवी उघडली नाही. "आई होती तवर आईच्या नावानं येत होती मी. आता कोणाच्या नावानं येऊ?"

मला भयंकर लाज वाटली. पन्नाशीला आलेला माणूस मी, आणि सहा वर्षं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "माझ्या नावानं ये," मी म्हटलं.

"अन् इथं कोण पाहीन?"

"जाय ना वो," भाऊजी निखाऱ्याकडे बघत म्हणाले. "उद्या पाहुणे गेले की मी कुलूप लावतो. मले अंगाकर येते आता."

चौथ्या दिवशी लेकींनी उपास सोडला, नवी लुगडी नेसून सगळ्या घरं फिरल्या, आणि त्यांच्यात एक पोपटी लुगडंही होतं. नागपूरकर दुपारी गेल्या. जाताना ठवरे मॅडमनी भाऊजींना कारलं कसं चिरायचं ते परत एकदा दाखवलं.

पाचव्या दिवशी निघायच्या वेळी सुकवारो दाईनं व्हॅन नापसंत केली. भाऊ बहिणीला मोटरसायकलवरूनच नेतो. मग फाट्यापर्यंत मी तुलारामची मोटरसायकल चालवली, ताई मागे, मध्ये पिशवी, आमच्यामागे व्हॅनमध्ये भाऊजी आणि उरलेलं सामान. तळ्याच्या पाळीवर उभी असलेली माणसं हात हलवत होती. खड्डा आला की ताई माझा शर्ट धरून ओरडायची, "हळू चालव बावा, पाडशील," आणि छप्पन्न वर्षांची बाई फिदीफिदी हसायची.

नाशिकला ती सहा दिवस राहिली. पहिल्या दिवशी पाचला उठून ओट्यापाशी गेली, वैशालीनं तिला दंडाला धरून परत झोपवलं. दुसऱ्या दिवशी नऊला उठली. तिसऱ्या दिवसापासून दुपारभर भाऊजींच्या तक्रारी सुरू झाल्या, घोरण्यापासून चपला कुठं काढतात तिथपर्यंत, आणि दोघींच्या हसण्यानं माझं घरून चाललेलं काम पार बोंबललं. निघायच्या दिवशी मी तिची बॅग भरत होतो, तेव्हा न्हाणीघरात तिची तेलाची बाटली दिसली.

"ताई, तेल राहिलं."

"राहू दे तिथंच," ती आतून म्हणाली. "दर वेळी कावून वाहून न्यायचं?"

मी बाटली जिथं होती तिथंच ठेवली, आणि बॅगेची चेन लावली.

तर, कोसमीला जरूर जा. चार खोल्या आहेत, माणशी हजाराच्या आसपास, दोन्ही वेळचं जेवण धरून. अंगाकर आदल्या दिवशी सांगावी लागते, ती भाऊजी करतात. भर उन्हाळा सोडून कधीही फोन करा, बुकिंग मीच घेतो. फक्त तीजाच्या आठवड्यात खोली मागू नका. त्या आठवड्यात घर बंद असतं, मालकीण माहेरी गेलेली असते.