उडीचे बटण

जुन्या घरगुती कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्राम लॅपटॉपवर घेतला आणि लहानपणीचा खेळ सुरू केला. चौकोनी ठिपक्यांचा माणूस, खड्डे, किरकिरा आवाज, सगळे जसेच्या तसे आले. तेव्हा माणसाला मी पळवायचो आणि उडीचे बटण ताई दाबायची. तो दुसरा हात नकलेत येत नाही. माणूस सारखा खड्ड्यात पडत होता.

आई गेल्यावर तिच्या घरावरून आमचे बोलणे बंद झाले होते. वर्षश्राद्धाला आलेली ताई मागे उभी राहून पाहत होती. शेवटी तिने खुर्ची ओढली आणि बटणावर बोट ठेवले.

“पळव रे गाढवा. कडेला येऊन थांबतोस. तेव्हाही थांबायचास.”

खड्डा पार झाला. पुढे आणखी बरेच होते, हे दोघांनाही आठवत होते.