सहा जोड्या माणसं

आबांना समुद्र मी दाखवला, असं बीडात मी दहा जणांना तरी सांगितलंय. तेवढं खरं आहे. पुढचं कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सगळं माहीत आहे, पण तिनं त्यावरून मला आजवर एका शब्दानं टोकलं नाही आणि तेच जास्त लागतं.

आबा म्हणजे माझे वडील. लिंबागणेशच्या अलीकडं, बालाघाटाच्या डोंगरात, त्यांचा सगळा जन्म शेरडं-मेंढरांच्या मागं गेला. मी शिकलो आणि बीडच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला भूगोल शिकवायला लागलो. आबांचे गुडघे गेले तेव्हा राहिलेली मेंढरं विकून ते आमच्याकडं राहायला आले. काठी, पटका, घोंगडं आणि मोजायची सवय एवढंच सोबत आणलं.

ही सवय सांगायला पाहिजे. संध्याकाळी कळप वाडग्यात, म्हणजे काट्याच्या कुंपणात, शिरायला लागला की आबा दाराशी उभे राहायचे आणि आत जाणाऱ्या मेंढरांच्या पाठीवर हात लावत जोडी-जोडीनं मोजायचे. पहिल्या जोडीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन. धान्य मापतानाही आमच्याकडं असंच मोजतात, बरकत राहावी म्हणून. आबांना सही करता येत नाही, पण मोजणीत त्यांची चूक झालेली आमच्या वस्तीवर कुणी बघितलेली नाही. कुणाचा बकरा हरवला तर लोक आधी आबांना विचारायला यायचे. एवढी एकच गोष्ट होती ज्याचा त्यांना गर्व होता. शहरात आल्यावर मेंढरं नव्हती, तर दाराशी खुर्ची टाकून घरात आलेली माणसं मोजायचे. मला लई राग यायचा. शेजारीपाजारी प्राध्यापक, वकील, आणि आमचा म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खांद्याला बोट लावतोय.

दिवाळीच्या सुट्टीत मी, बायको आणि आबा रत्नागिरीकडं गेलो. लॉजवाल्यानं सांगितलं की उद्या एक ट्रॅव्हलर निघणार आहे, फक्त बारा माणसं, सोबत माहीतगार गाईड, एका दिवसात चार किनारे. मी लगेच तीन जागा घेतल्या. सकाळी निघताना आबांनी पटका बांधला, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि काठी उचलली.

"काठी राहू द्या इथंच," मी म्हणालो.

"कावून रं?"

"तिथं चांगले लोक असतात आबा."

त्यांनी काठी दाराआड उभी केली.

गाडीत पुण्याचे एक साहेब होते, बायको आणि दोन कॉलेजातल्या मुलींसह. बँकेतून निवृत्त झालेले चार मित्र होते. आणि एक एकट्या आलेल्या बाई होत्या, सत्तरीच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना गर्दी आवडत नसावी. प्रत्येक वेळी सगळ्यांच्या आधी चढायच्या आणि पार मागच्या कोपऱ्यात खिडकीशी जाऊन बसायच्या. गाईड चाळिशीचा, सडसडीत माणूस होता, त्याच किनाऱ्यावर वाढलेला. वाळूच्या किनाऱ्याला तो 'पुळण' म्हणायचा.

पुण्याच्या साहेबांशी माझं जमलं. जमलं म्हणजे मीच जमवलं. असल्या माणसांसमोर माझी भाषा आपोआप बदलते. 'हाय'चं 'आहे' होतं, 'न्हाई'चं 'नाही', आवाजही वेगळा येतो. त्यांनी विचारलं, "वडील काय करायचे?" मी म्हणालो, "शेती. बागायत आहे आमची." आमची बागायत कुठं आहे ते मलाही माहीत नाही. आबा पुढच्या सीटवर होते. त्यांनी मान वळवली, माझ्याकडं बघितलं आणि परत समोर बघायला लागले.

पहिल्या पुळणीवर आबांनी समुद्र बघितला. पायातल्या वहाणा काढल्या, वाकून पाण्याला हात लावला, हात कपाळाला लावला आणि थोडं तोंडात घेतलं. थुंकले नाहीत, गिळलं. मला म्हणाले, "एवढं पानी हाय आन् जनावराला पाजता येत न्हाई." बँकवाल्यांपैकी एक जण हसला. चांगल्या मनानं हसला असेल, पण माझे कान तापले.

गाडीत परत चढताना आबा दाराशी उभे राहिले. काठी नव्हती, म्हणून दोन बोटं पुढं केलेली. पहिल्यांदा मुख्याध्यापिकाबाई आल्या. आबांनी त्यांच्या खांद्याला बोटं टेकवली आणि पुटपुटले, "लाभ." बाई थांबल्या, आबांकडं बघितलं आणि हसून आत गेल्या. त्यांच्या जोडीला एक बँकवाला, मग बाकीचे, मग पुण्याच्या मुली. मुली दचकून बाजूला सरकल्या. शेवटी आबा समाधानानं म्हणाले, "सहा जोड्या. चला."

पुण्याचे साहेब मोठ्यानं म्हणाले, "आजोबा काय मेंढ्या मोजतायत की काय?"

सगळे हसले. मीही हसलो. त्यांनी थट्टेत म्हटलं होतं, त्यांना काय माहीत. पण बागायतीची थाप डोक्यात होती, आता कुणी आणखी खोदून विचारलं तर? दुसऱ्या पुळणीवर मी आबांना बाजूला घेऊन म्हणालो, "कुणाला हात लावू नका. बायामाणसं आहेत."

"हात न्हाई लावत," आबा म्हणाले. "डोळ्यानं मोजतो."

तेही करू नका, असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

तिसरी पुळण आडबाजूला होती. तिच्या टोकाला काळे खडक आणि खडकांच्या पलीकडं वाळूचा छोटा तुकडा. गाईडनं सगळ्यांना उभं करून सांगितलं, "पलीकडे ओहोटीतच जाता येतं. शिंपले सुंदर आहेत. पण चारच्या आत इकडे या. भरती लागली की वाट बुडते." मग मी पुढं झालो. भूगोलाचा मास्तर ना मी! चंद्र, सूर्य, गुरुत्वाकर्षण, सगळं त्या मुलींना वाळूवर बोटानं काढून समजावलं. गाईड कौतुकानं म्हणाला, "सर, तुम्ही तर माझं काम हलकं केलंत." मला त्यावेळी लई बरं वाटलं.

चारच्या सुमाराला सगळे गाडीकडं आले. ड्रायव्हरनं टायर बघायला गाईडला मागं बोलावलं होतं. तिथूनच त्यानं हाक दिली, "सर, एकदा बघता का सगळे आले का?"

मी दाराशी गेलो. आबा पायरीवर बसले होते.

"एक न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले.

"कोण?"

"लाभ. त्या बाई. पयल्यांदा चढत्यात त्या. चढल्याच न्हाईत."

मी आत डोकावलो. सीटच्या पाठी उंच, मागचा कोपरा दिसत नव्हता. चार पावलं आत गेलो असतो तर दिसलं असतं. पण साहेब आमच्याकडंच बघत होते, तोंडावर तेच मघाचं हसू. आता हा पुन्हा मेंढ्यांचं काढणार असं मला वाटलं.

"मागे बसल्यात त्या," मी म्हणालो. "उठा."

"न्हाईत बसल्या. मी दाराशी हाय मघापासून."

"आबा, ही मेंढरं नाहीत. उठा म्हणतो ना." मी त्यांचा दंड धरला आणि वर ओढलं. पटका सरकून कानावर आला. आतून कुणीतरी खुसखुसलं. आणि मी मागं वळून गाईडला ओरडून सांगितलं, "सगळे आहेत. मी मोजले. चला."

मी मोजले नव्हते. हे वाक्य मी स्वतःच्या तोंडानं बोललो.

गाडी निघाली. आबा पटका नीट करून बसले. हात मांडीवर, बोटं हलत होती. पहिल्यांदा मला वाटलं रागावलेत. मग कळलं की ते पुन्हा पुन्हा मोजतायत. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. चढ लागला, तेवढ्यात म्हातारा चालत्या गाडीत उभा राहिला आणि ड्रायव्हरच्या पाठीला थाप मारून डोंगरात हाक देतात तसा ओरडला, "थांबीव गाडी. एक माणूस ऱ्हायलंय."

गाईड पळत मागं गेला. कोपऱ्यातली सीट रिकामी होती. बाईंचा डबा आणि शाल तेवढी तिथं होती.

ड्रायव्हरनं गाडी वळवून पुळणीकडं पिटाळली. मी घड्याळ बघत होतो आणि भरतीचा वेग काढत होतो. बावीस वर्षं हा धडा शिकवतोय. देवा, ती बाई वाचू दे, एवढंच म्हणत होतो. त्यातही अर्धं मन म्हणत होतं, नाहीतर माझं काय होईल. हेही लिहून टाकतो.

वाट बुडाली होती. खडकांवर पाणी आपटत होतं आणि पलीकडच्या एका खडकावर बाई उभ्या होत्या, साडी कमरेपर्यंत भिजलेली, एका हातात शिंपल्यांची पिशवी. गाईड किनाऱ्यावरच्या दोन कोळ्यांना घेऊन दोर बांधून पाण्यात उतरला. मी वाळूवर उभा राहिलो. मला पोहता येत नाही. आबांनाही येत नाही, पण ते गुडघाभर पाण्यात गेले, घोंगडं डोक्यावर धरलं आणि चुकलेल्या मेंढराला घालतात ती लांब हाळी घातली. बाईंनी त्यांच्याकडं बघून हात वर केला. माणसं पोचेपर्यंत आबा हाळी घालत राहिले. लाट आली की थांबायचे, ओसरली की पुन्हा.

बाई आल्या. घसरून पाय मुरगळला होता, म्हणून वेळेत निघता आलं नाही. गाडीचा आवाज ऐकला तेव्हा त्यांनी हाका मारल्या होत्या. आबांनी घोंगडं त्यांच्या अंगावर टाकलं. बाई थरथरत त्यात गुरफटून बसल्या.

तेव्हा गाईड माझ्याकडं वळला. ओलाचिंब, ओठ पांढरे पडलेले. ओरडला नाही. फक्त म्हणाला, "सर, तुम्ही म्हणालात सगळे आहेत. तुम्ही मोजलेत म्हणालात."

सगळे माझ्याकडं बघत होते. साहेब, त्यांच्या मुली, बाईसुद्धा. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते आजही मला सांगता येणार नाही. खरंच बोललो असतो, असं मी स्वतःला बऱ्याचदा सांगून बघितलंय.

"त्याचं न्हाई चुकलं," आबा म्हणाले. "त्यानं मलाच इचारलं व्हतं. मीच म्हनलो सहा जोड्या हायत म्हनून. म्हातारा झालोय, दिसत न्हाई आता. मोजायला चुकलो मी. मागून ध्यानात आलं." मग बाईंपुढं हात जोडून म्हणाले, "बाई, माफी करा."

बाईंनी त्यांचे हात धरले. गाईड खाली मान घालून म्हणाला, "नाही आजोबा, मीच मोजायला हवं होतं, ते माझं काम." साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "वयामुळे होतं असं. त्यांच्यावर सोडू नका आता असल्या गोष्टी."

मी मान हलवली. हो म्हणालो. ज्या माणसाची आयुष्यात मोजणी चुकली नाही, तो एवढ्या परक्या माणसांसमोर 'चुकलो' म्हणाला, आणि मी 'हो' म्हणालो.

चौथी पुळण राहिलीच. लॉजवर आबांनी दाराआडची काठी घेतली आणि मी सामान भरलं. बायको माझ्याशी बोलत नव्हती. ती गाडीत आबांच्या मागच्याच सीटवर होती, दाराशी काय बोलणं झालं ते तिनं ऐकलं होतं. पण आबांनी सांगितलेलं तिनंही मोडलं नाही. आबांनी मोठ्या कष्टानं माझी लाज राखली होती, ती बायको कशी घालवणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी बीडला पोचलो. रिक्षातून उतरून घराचं फाटक उघडलं. नेहमी आबा फाटकाशी थांबतात आणि आम्ही आत गेल्याशिवाय येत नाहीत. त्या दिवशी ते सरळ पायरीकडं चालायला लागले.

"आबा," मी म्हणालो, "मोजा की."

बायको मागं बॅग घेऊन उभी होती. आबांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तूच मोज बाबा आता," ते म्हणाले. "माजं चुकतंय."

आम्ही तिघंच होतो तिथं. पुण्याचे साहेब नव्हते, कुणीच परकं नव्हतं. मी तिथंही काही बोललो नाही.