लाल ओळी आणि माझी हाक

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, लिहिताना चुकाही होतात, त्याची माफी असावी. पण आज सौसरच्या बँकेत पडद्यावर लाल ओळ दिसली आणि काही वर्षांपूर्वीचा घरातला एक दिवस आठवला, म्हणून लिहिते. तेव्हा मुलगी संत्र्याच्या फळगळीवर शोधनिबंध लिहीत होती. जगभरातल्या निबंधांच्या नोंदी एका मोठ्या साठ्यात असतात, त्या नोंदी पायथन या संगणकभाषेतलं एक पॅकेज, म्हणजे तयार प्रोग्राम, तिच्या लॅपटॉपवर उतरवत होतं. साठा उघडायची किल्ली, म्हणजे लांबलचक आकडे, तिच्या सरांची होती. "आई, मी गच्चीवर कपडे वाळू घालून राहिली. लाल ओळी आल्या तर समज, साठा नाही म्हणून राहिला. हात लावू नको, मले हाक मार. तरी प्रोग्राम घडीघडी मागत राहिला तर सरांची किल्लीच बंद होईन, साऱ्यांचं काम अडकन," असं बजावून ती गेली. थोड्याच वेळात एकीखाली एक लाल ओळी येऊ लागल्या. जिना ओसरीतून होता आणि तिथं सासरे आणि जेठ, म्हणजे थोरले दीर, संत्र्याच्या बगीच्याचा सौदा करत व्यापाऱ्यांसोबत बसलेले. त्यांच्यासमोर मी कधी आवाज काढला नव्हता. दारामागून मी ओसरीकडे बघत होते, आत ओळी वाढत होत्या. शेवटी डोळे मिटून मी मुलीचं नाव घेऊन ओरडले. सौदा थांबला. "काय झालं सूनबाई, साप निघाला का?" सासऱ्यांनी विचारलं. मुलगी धावत आली, तिनं प्रोग्राम थांबवला, थोडं थांबून पुन्हा चालवला. नोंदी येऊ लागल्या. "वाचली किल्ली!" ती म्हणाली. सारं ऐकून सासरे एवढंच बोलले, "मग आधीच वरडायचं होतं नं, माय." तरी आजही चारचौघांत हाक मारायची म्हटलं की मी आधी डोळे मिटते.