टीव्हीवर पाहिलेला मुलगा

समाधान भारताच्या फुटसाल संघातून परदेशी गेला होता, आणि नेमकी त्याच आठवड्यात पिंपळनेरची माणसं त्याला पाहायला अमळनेरला आली. शेजारच्या देशांची स्पर्धा आहे, तो परत येईपर्यंत थांबा, असं त्याच्या आईने, भिकुबाईने, फोनवर सांगून पाहिलं होतं. पण मुलीचे वडील पितांबर नाना म्हणाले, "मॅच टीव्हीवर दिसते ना? मग मुलगाही दिसेल. पुढं मी कांद्यात अडकतो."

मुलगा पाहण्याचा असला कार्यक्रम भिकुबाईने कधी केला नव्हता. एरवी मुलगा समोर बसतो, पाहुणे नोकरी विचारतात, तो मान खाली घालून उत्तरं देतो. इथे मुलगा पळत होता आणि पाहुणे पोहे खात होते.

"हे मैदान म्हणायचं का?" मुलीच्या आईने, केसरबाईंनी विचारलं. "मला तर मंगल कार्यालयाचा हॉल वाटतो."

"फुटबॉलच, पण छताखाली. पाच-पाच जण," भिकुबाईचे यजमान झुलाल म्हणाले. पोराने जाताना त्यांच्याकडून एवढंच पाठ करून घेतलं होतं. कुणी पुढचं विचारू नये म्हणून ते टीव्हीला डोळे लावून बसले.

समाधान छान पळत होता. नानांनी मान डोलावली. तेवढ्यात तो बाहेर आला आणि बाकावर बसला.

"काय व्हयनं?" नाना म्हणाले.

"पाणी प्यायला आला असेल," असं म्हणून भिकुबाई स्वतःच पाणी आणायला आत गेली. परत आली तर पोरगा पुन्हा खेळत होता. तिला बरं वाटलं. ताटल्या गोळा करेपर्यंत तो पुन्हा बाहेर.

"परत बसाडं त्याले," नाना म्हणाले.

ताटल्या आत ठेवून भिकुबाई परत आली, पण तिचा जीव कानकोंडा झाला होता. पंगतीतून कुणाला असं उठवलं तर माणूस त्या घरी पुन्हा पाऊल ठेवत नाही. आणि हा तर दरवेळी आनंदाने उठत होता. अपमान कळत नव्हता, की आणखी काही होतं?

केसरबाई जवळ सरकल्या. "अक्का, राग मानू नका. पोऱ्याले दमबिम शे का?"

'नाही' हा शब्द भिकुबाईच्या ओठापर्यंत आला आणि तिथेच थांबला. "माले माहीत नही," ती म्हणाली.

नानांनी टीव्हीचा आवाज कमी केला. आता भिकुबाईला बोलणं भागच होतं; तिने झुलालकडे बोट केलं. "यांचा डावा कान लहानपणापासून बंद आहे. सोयरीक ठरवताना माझ्या बापाला कुणी सांगितलं नाही. लग्नानंतर किती दिवस मला वाटायचं, माणूस माझ्यावर रुसलाय. म्हणून मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण पोरगा जळगावला राहतो, तिथं शाळेत खेळ शिकवतो. त्याला काही होत असेल तर तो मला सांगेल का, तेच मला माहीत नाही."

"काय म्हणते?" झुलालनी विचारलं. केसरबाईंना हसू आवरलं नाही.

मॅचची शेवटची दोन मिनिटं संपता संपेनात. मध्येच घड्याळ थांबायचं. आपला संघ एका गोलने मागे होता. समाधान वेगळ्याच रंगाचा शर्ट घालून आला आणि गोलकीपर बाकावर जाऊन बसला. मागे गोल मोकळा पडला, तरी समाधान पुढेच. समोरच्याने लांबून चेंडू मारला, तो घरंगळत थेट जाळीत गेला.

"घर उघडं टाकून गावभर!" नानांनी कपाळाला हात लावला.

समाधानचा फोन आला तेव्हा भिकुबाईने हरल्याचं काही न बोलता स्पीकर लावला. "तुले दम लागस का? खरं सांग, पाव्हना बठेल शेतस."

"आई, यामा बठ्ठाच असं बसतस. सगळ्यांनीच जोरात पळायचं, बाहेर यायचं, परत जायचं. कितीही वेळा."

"मग शेवटी तो शर्ट?" नानांनी विचारलं.

"तेव्हा मीच गोलकीपर होतो, काका."

"मग गोलात का नव्हता?"

"गोल करायचा होता ना!"

नाना झुलालकडे बघत राहिले. झुलाल टीव्हीकडे. तिथे साबणाची जाहिरात लागली होती.

केसरबाईंनी धुळ्याला मुलीला फोन केला. दिपमाला तिथे बँकेत होती, तिनेही मोबाईलवर मॅच पाहिली होती. बराच वेळ 'हं हं' करून केसरबाईंनी फोन ठेवला.

"पोर म्हणते, परवाची मॅचही बघा. मग सांगते."

"खेळ आवडला नाही का तिला?" भिकुबाईने विचारलं.

"खेळाचं नाही म्हणत. खेळताना कुणीही चांगलाच दिसतो म्हणते. बाहेर बसवल्यावर तो काय करतो, तेच ती बघत होती. तुम्हाला कसा वाटला हो अक्का, बसलेला असताना?"

तो बाकावर बसला की भिकुबाई दरवेळी उठून स्वयंपाकघरात गेली होती.