पापडखाराचा केक

अमळनेरहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. वय पन्नाशीचं, मांडीवर फडक्यात बांधलेला ॲल्युमिनियमचा डबा. कंडक्टर म्हणाला, "अक्का, डबा वर ठेवा."

"वर नही. घरना केक शे," ती इतक्या ठणठणीत आवाजात म्हणाली की पुढच्या बाकावरच्यांनीही माना वळवल्या.

धुळ्यातल्या देवपूरला लेकीकडे नातवाचा वाढदिवस होता. गेल्या वाढदिवसाला तिने आयुष्यातला पहिला केक केला होता. घरात सोडा नव्हता, म्हणून उडदाच्या पापडात घालतात तो पापडखार घातला. नातवाने पहिला घास सगळ्यांदेखत थुंकून टाकला. जावई हसले. हे ती मला जराही न लाजता सांगत होती. यंदा तिने सोडा आणला, कुकरात रेती घातली, शिट्टी काढली आणि केक फुलेपर्यंत चुलीपुढून हलली नाही.

खड्डा आला की ती दोन्ही हातांनी डबा मांडीवरून उचलून धरायची. थोड्या वेळाने खड्डा दिसला की मीही श्वास रोखून धरू लागलो.

धुळ्याच्या स्टँडवर तिने झाकण उघडलं. केक मधोमध फुटला होता.

"इथल्या बेकरीतून घ्या ना एखादा," मी म्हणालो.

तिने कडेचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

"खारट शे का?"

"नाही. गोड आहे."

"मंग फुटेल केक बी चाली."

तिने फडक्याची गाठ पुन्हा घट्ट मारली. तिची रिक्षा देवपूरकडे निघाली, तेव्हाही डबा तिने मांडीवरून उचलूनच धरला होता.