पावणीची नजर

नव्या माणसाशी ओळख झाली की चाचा आधी त्याचा हात आपल्या हातात घ्यायचे, पालथा करायचे, उताणा करायचे, नखं बघायचे आणि मगच नाव विचारायचे. माझा हात पाहून म्हणाले, "बोटाला शाई, तळवा लोण्यावानी. कारकून हाय व्हय?" मी होतोच. महाराजांच्या शिकारखान्यात त्याच दिवशी रुजू झालो होतो, आणि चाचा तिथले सर्वांत जुने चित्तेवान.

चित्तेवान म्हणजे शिकारीसाठी चित्ते सांभाळणारा, हे कोल्हापुरात तेव्हा कुणाला सांगावं लागत नसे. दोरीला बांधलेला चित्ता रस्त्यानं फिरायला निघे, आणि मिरच्यांचे वाटे लावून बसलेली बाई मान वर करूनही बघत नसे.

चाचांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "उगंच कायबी नसतंय." बिबट्याची नखं आत मिटतात, चित्त्याची कुत्र्यासारखी बाहेरच राहतात, ती का? "पळताना माती धराय नगं?" शेपूट एवढी लांब का? "हरिण वळलं की ह्याला बी वळाय लागतंय. नावेला वल्हं असतंय तसं ते." चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरणाऱ्या काळ्या रेघा तुम्ही चित्रात पाहिल्या असतील. त्या उन्हाची तिरीप अडवतात, असं त्यांचं ठाम मत. एकदा ते स्वतःच्या डोळ्यांखाली काजळाच्या तशाच रेघा ओढून शिकारीला आले. दुपारपर्यंत सगळं काजळ पांढऱ्या दाढीत उतरलं. आम्ही पोट धरून हसलो. "हसा," ते म्हणाले, "खरं ऊन कमी लागतंय."

आपल्याकडचे चित्ते तेव्हा संपतच आले होते, म्हणून आफ्रिकेतून जहाजानं काही आणले. त्यांतली एक मादी चाचांच्या हवाली झाली. पिंजऱ्याचं दार उघडून ते म्हणाले, "या, पावणं." तेव्हापासून तिचं नाव पावणी.

पावणी पळेना. आमची रीत अशी, की चित्त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी घालायची, त्याला छकड्यात बसवून काळविटांच्या अगदी जवळ न्यायचं आणि मग टोपी काढायची. टोपी निघताच आपले चित्ते सुटायचे. पावणी नुसती डोळे मिचकावून इकडंतिकडं बघायची, तोवर काळविटं पसार. तीनदा असं झालं. आमच्या वरिष्ठांनी सांगून टाकलं, की मंगळवारी पळाली तर ठीक, नाहीतर जन्मभर पिंजऱ्यात, लोकांना बघायला. त्या दिवशी चाचा जेवले नाहीत.

त्यांची समजूत काढायला मी माझं इंग्रजी पुस्तकातलं ज्ञान बाहेर काढलं. प्राणी आपापल्या मुलखाशी जुळलेले असतात, मुलूख बदलला की जे जुळवून घेत नाहीत ते टिकत नाहीत, आणि हे जुळणं हजारो पिढ्यांत होतं, वगैरे. चाचांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बुक बरोबर हाय तुमचं. खरं तिच्याकडं हजार पिढ्या न्हाईत. मंगळवार हाय." मग म्हणाले, "आन् तिनंच का बदलायचं? आपुन बदलू की."

त्यानंतर चार दिवस ते पावणीसमोर नुसते बसून होते. चौथ्या दिवशी मला दंडाला धरून घेऊन गेले. पावणी गवताच्या गंजीवर चढून लांब बघत होती.

"आल्यापासनं हेच चाललंय हिचं. उंचावर बसती आन् लांब बघती. तिकडं तिच्या मुलखात माळावर मोठाली वारुळं असणार. वर बसून एक हरिण निवडायचं, मग पळायचं. आन् आपुन तिचं डोळं बांधून नेतोय."

मंगळवारी त्यांनी छकड्यावर फळ्यांचा माचा बांधला, वर पावणीला बसवलं आणि टोपी घरीच ठेवली. वरिष्ठ संतापले. चाचांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि छकडा काळविटांपासून लांब, मोकळ्या माळावर उभा केला. घटकाभर काहीही घडलं नाही. बैलसुद्धा पेंगले. चाचा पट्टा धरून, पावणी बघत होती तिकडंच बघत होते. मी मात्र सारखा वरिष्ठांकडं बघत होतो.

एकाएकी पावणीनं मान खाली घेतली. चाचांनी पट्टा सोडला. त्या दिवशी मी वेग म्हणजे काय ते पाहिलं, आणि तिच्यामागं पागोटं सुटलेलं, धोतराचा काचा मारलेला साठीतला माणूस धावतानाही पाहिला. चित्त्यानं शिकार धरली की चित्तेवानानं लगेच पोचायचं असतं. इतक्या आनंदानं पळणारा म्हातारा मी पुन्हा पाहिला नाही.

मी पोचलो तेव्हा मध्ये काळवीट पडलं होतं, अलीकडं पावणी, पलीकडं चाचा, आणि दोघंही धापा टाकत होते. मी शाबासकी द्यायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच गप्प केलं. "दम घिऊ दे तिला," एवढंच म्हणाले.

दोन वर्षांनी तापाचं निमित्त झालं आणि चाचा गेले. मला फार जड गेलं ते. त्यांच्या जागी शाहूवाडीकडचा एक नवा चित्तेवान आला. पहिल्याच शिकारीला माच्यावर चढलेल्या पावणीकडं बघून तो म्हणाला, "ही रीत पयल्यापासनंच हाय न्हवं?"

"न्हाय," मी म्हटलं आणि माळ येईपर्यंत त्याला चाचांबद्दल सांगत राहिलो. छकडा थांबला. पावणी लांब बघू लागली, आणि तिचं बघून होईपर्यंत आम्ही सगळे गप्प उभे राहिलो.